आकारांना नावं ठेवणारे लोक

इष्टिकाचिती हा शब्द ज्यांनी कोणी गणिताच्या पुस्तकात आणला त्यांना एकदा आमच्याकडे दापोलीला बोलवायची माझी फार इच्छा आहे. पोटभर उकडीचे मोदक खायला घालीन आणि मग हळूच विचारीन, की बाबांनो, ह्या पोरांना आजूबाजूला वीट दाखवा बरं एक तरी. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेली रास, म्हणजे विटेसारखा ठोकळा, एवढं साधं आहे ते. पण आमच्याकडे घर चिऱ्याचं, म्हणजे तासलेल्या दगडी ठोकळ्याचं, गडगा म्हणजे कुंपणाची भिंत चिऱ्याची, विहीर चिऱ्यांनी बांधलेली, तुळशीवृंदावन चिऱ्याचं, अगदी कपडे धुवायला बसायचं तर तेही एखाद्या उरलेल्या चिऱ्यावर. माझी भाची आठवीत आहे, तिने हा शब्द वाचला, मी तिला अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "मग आत्या, चिरा म्हणायचं ना सरळ, एवढं जीभ वळवायला कशाला लावतात?"

आता ह्याला काय उत्तर देणार. पण मग डोक्यात तेच सुरू झालं, आकारांना नावं देतं कोण आणि देताना समोर काय धरून देतं, आणि मी जिथे तिथे तेच बघायला लागले.

आधी चिऱ्याचंच सांगते कारण ह्यात गंमत आहे. चिरा निघतो जांभ्यातून. जांभा खाणीत ओला असताना मऊ असतो, तासला की सरळ ठोकळा निघतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. ह्या दगडाला भूगर्भवाले लॅटराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये दिलं, तो त्याआधी मलबारात, म्हणजे आजच्या केरळात, फिरला होता, तिथे लोक हाच दगड कापून त्याची घरं बांधताना त्याला दिसले आणि लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. म्हणजे आमच्या चिऱ्याचं शास्त्रीय नाव शेवटी वीटच निघालं! भाचीला हे सांगितलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कट केलाय.

आणि खरं तर इष्टिकाचिती हा शब्दही काही उगीच खुर्चीत बसून बनवलेला नाहीये हे मान्य करायला पाहिजे. चिती हा यज्ञातला शब्द. शुल्बसूत्रं म्हणून जे जुने ग्रंथ आहेत, बौधायन वगैरेंचे, त्यात विटांच्या वेदी कशा रचायच्या ते दिलंय, शुल्ब म्हणजे दोरी, सगळी मापं दोरीने आणि खुंटीने. त्यातली श्येनचिती म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्यासारखी वेदी, विटांचे पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा. कासवाची, रथाच्या चाकाची, द्रोणाची पण चिती असे. आणि त्यात त्रिकोणाला काय म्हणायचे माहितीये? प्रउग. म्हणजे गाड्याच्या पुढच्या दांड्या जिथे एकत्र येतात तो टोकदार भाग. दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोण म्हणजे प्रउग, आणि दोन प्रउग पाठीला पाठ लावून ठेवले की उभयतःप्रउग, म्हणजे आपला समभुज चौकोन. दोन्ही बाजूंनी गाडी! मला हे फार आवडलं, कारण हे नाव देणारा माणूस बैलगाडीशेजारी उभा आहे हे लगेच दिसतं, त्याचे पाय धुळीत आहेत. समभुज म्हणणारा माणूस मात्र कुठे उभा आहे ते काही कळत नाही.

तिकडे ग्रीकांचंही तेच. क्यूब म्हणजे मूळ कुबोस, जुगाराचा फासा. सिलिंडर म्हणजे रूळ, लोळवत न्यायची वस्तू. आणि समलंब चौकोन, ज्याला इंग्लिश मीडियमवाली पोरं ट्रॅपेझियम म्हणतात (अमेरिकेत ट्रॅपेझॉइड, तो त्यांचा वेगळाच घोळ), त्याचा मूळ ग्रीक अर्थ छोटं टेबल. बास, टेबल. ह्याच्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. सर्कशीतल्या झोक्याला ट्रॅपीझ म्हणतात तेही त्यातूनच, वर आडवा दांडा, खाली छोटा दांडा, बाजूला दोन दोर, झाला तोच आकार.

आमच्याकडे टेबल आलं ते फार उशिरा, जेवण पाटावर आणि पाट तर आयत. पण समलंब चौकोन कोकणातल्या पोराला दाखवायचा असेल ना तर त्याला फक्त अंगणात नेऊन मान वर करायला सांगायचं. चौपाखी घर असतं ना, चारी बाजूंना उतरतं छप्पर असलेलं, त्याची समोरची आणि मागची पाखी म्हणजे समलंब चौकोन आणि दोन्ही टोकांची पाखी म्हणजे त्रिकोण. वरची बाजू आढं, खालची बाजू वळचण, दोन्ही एकमेकींना समांतर, आढं आखूड आणि वळचण लांब. पुस्तकात समांतर बाजू म्हणून जे काय आहे ते हेच. आणि क्षेत्रफळाचं सूत्र, समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची भागिले दोन, ते कौलं किती लागतील काढायला सुताराला पाठच असतं, फक्त तो ते सूत्र म्हणून म्हणत नाही, "आढं नि वळचण मिळवायची नि निम्मी धरायची ताई" असं म्हणतो. भाचीला एकदा हे दाखवल्यापासून ती समलंब चौकोनाला पाखं म्हणते. परीक्षेत नाही लिहीत, तेवढं कळतं तिला. पण मनात म्हणते.

मला वाटतं भांडण इथेच आहे. समलंब, समभुज, समांतरभुज, ही नावं गुण सांगतात, चेहरा नाही सांगत. गुण सांगणारी नावं वाईट नाहीत हो, एकदा कळली की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही, हा मोठाच फायदा आहे, आणि ट्रॅपेझियम म्हणणाऱ्या पोराला तर त्या शब्दातून टेबलही दिसत नाही आणि समांतर बाजूही दिसत नाहीत, त्यामुळे त्याची अवस्था आपल्या पोरांपेक्षा वाईट आहे. पण ज्याला आकारच अजून डोळ्यासमोर येत नाहीये त्याला आधी चेहरा द्यायला पाहिजे, गुणांची ओळख मग होते, माणसांच्या बाबतीत तरी आपण दुसरं काय करतो.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू. चुंबळ.

हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी गेलात तर बघा, म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बायका आधी डोक्यावर काय ठेवतात ते. जुन्या लुगड्याची फडकी पिळून, गोल गुंडाळून केलेलं ते कडं, मधे भोक, बाहेरून गोल आणि आतूनही गोल. त्याने पाटीचं वजन टाळूवर एका जागी न येता सगळीकडे पसरतं आणि पाटी डुगडुगत नाही. गणितात ह्या आकाराला टोरस म्हणतात. आणि टोरसचा लॅटिन अर्थ काय तर फुगवटा, गादीचा लोड, उशी. रोमन लोकांनी दगडी खांबाच्या बुडाशी जो गोल फुगीर पट्टा असतो ना, त्याला ते नाव दिलं, म्हणजे वरचा भार खांबातून खाली उतरतो तिथलं ते जाड कडं. काम तेच! वर ओझं, खाली टेकायची जागा, मधे कडं. दोन हजार वर्षांचं आणि समुद्रापलीकडचं अंतर, आणि दोन्हीकडे माणसाने ह्या आकाराला उशीच मानलं.

हल्ली टोरस म्हणजे डोनट असं सांगतात सगळीकडे, व्हिडिओत पण, कॉफीचा मग आणि डोनट गणिताच्या दृष्टीने एकच कारण दोघांना एकच भोक (मगाचं ते कानातलं). ठीक आहे, पण डोनट आमच्या बाजारात मिळत नाही आणि मिळाला तरी तो खाऊन संपतो, चुंबळ रोज डोक्यावर असते. बरं नुसता गमतीचा आकार नाही हा, सूर्यासारखी ऊर्जा जमिनीवर तयार करायचा जो प्रयोग चालतो, टोकामाक नावाचं यंत्र, त्याचं पोट ह्याच आकाराचं असतं कारण तापलेल्या वायूला टोकच सापडू द्यायचं नसतं, तो गोल गोल फिरत राहिला पाहिजे. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत असं एक यंत्र १९८९ पासून आहे, आदित्य त्याचं नाव. मराठीत त्याच्यावर लेख लिहिणाऱ्यांना माझी विनंती, की "वलयाकार निर्वात कक्ष" लिहिण्याआधी एकदा चुंबळ लिहून बघा, अर्धं काम वाचेल.

शंकूची गोष्ट थोडी उलटी आहे. इंग्लिशमधला कोन (cone, आपला भूमितीतला कोन नव्हे) ग्रीक कोनोस वरून आला, म्हणजे पाईनच्या झाडाचं ते खवल्याखवल्यांचं फळ. आमच्याकडे पाईन नाही पण किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, त्याखाली वाळूत ती छोटी काटेरी बोंडं पडलेली असतात, चप्पल न घालता चाललं की कळतात बरोबर. पर्यटक त्यांनाही पाईनकोन म्हणून गोळा करतात, पण सुरू हे पाईनच्या जातीचं झाडच नव्हे, त्याला फुलं येतात. आणि बोंडं शंकूपेक्षा सुपारीच्या वाणाची जास्त दिसतात. मग आपला शंकू कुठून आला? तर शंकू म्हणजे खुंटी. जमिनीत ठोकलेली मेख, टोकाला निमुळती. जुने ज्योतिषी १२ अंगुळं उंचीचा शंकू उन्हात उभा करायचे आणि त्याच्या सावलीवरून दिशा आणि वेळ काढायचे, त्यामुळे शंकू हा शब्द आपल्याकडे आकाराआधी उपकरण होता. म्हणजे एकाने झाडाखालून नाव उचललं आणि दुसऱ्याने स्वतः ठोकलेल्या खुंटीवरून. गावात आता शंकू फक्त एकच दिसतो, हायवेच्या कामावरचा नारिंगी प्लास्टिकचा, आणि त्याला सगळे कोनच म्हणतात, त्यामुळे ग्रीक जिंकले म्हणायला हरकत नाही.

बरं ही जी वस्तूंवरून नावं द्यायची रीत आहे ती आपल्याकडे नुसती यज्ञापुरती नव्हती. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीर नावाचा जैन गणिती होऊन गेला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. कोकणातले शिलाहार ह्याच राष्ट्रकूटांचे मांडलिक, म्हणजे तसं आमचं लांबचं सरकार. महावीराच्या गणितसारसंग्रह ह्या ग्रंथात क्षेत्रांची नावं वाचली तर वाटतं हा माणूस जत्रेतून फिरून आलाय. यव म्हणजे जवाच्या दाण्यासारखं क्षेत्र, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. मुरज म्हणजे मृदंगासारखं, मधे फुगीर पण टोकांना सपाट. पणव म्हणजे डमरूसारखं, मधे बारीक. वज्र म्हणजे मधे पार टोकच. शिवाय चाकाच्या धावेसारखं गोल, हत्तीच्या सुळ्यासारखं वाकडं, कोवळ्या चंद्रासारखं, शंखासारखं वर्तुळ. आणि पहिल्या चौघांना सूत्र एकच, टोकाची रुंदी आणि मधली रुंदी मिळवायची, निम्मी करायची, लांबीने गुणायचं. यवाच्या टोकाशी शून्य, वज्राच्या मधे शून्य, सूत्र तेच. तो स्वतःच ह्याला व्यवहारापुरतं गणित म्हणतो, अगदी काटेकोर नाही. पण बघा ना, हा आमच्या सुताराचाच हिशोब आहे, आढं नि वळचण मिळवायची नि निम्मी धरायची. मृदंग म्हणजे तरी काय, दोन पाखी वळचणीला वळचण लावून ठेवलेली.

हे वाचताना मला आईचा दागिन्यांचा डबा आठवला कारण सोनारांनी ही रीत अजून सोडलेली नाहीये. बोरमाळ म्हणजे बोरासारखे मणी. पोहेहार म्हणजे पोह्यांसारख्या चपट्या पाकळ्या. जोंधळी पोत म्हणजे जोंधळ्याएवढे मणी. बकुळी हार म्हणजे बकुळीची फुलं. सोनाराला कोणी लंबगोलाकार मणी द्या म्हणत नाही, त्याला दाणा सांगायचा, आकार आणि माप दोन्ही एका शब्दात कळतं. आणि स्वयंपाकघरात तर विचारूच नका. समभुज चौकोनाला सगळा महाराष्ट्र शंकरपाळी म्हणतो, टाइल्सवाला पण म्हणतो "ताई, शंकरपाळी डिझाईन टाकू का?" ग्रीक लोक ह्याच आकाराला रोम्बस म्हणायचे आणि मूळ अर्थ दोरीला बांधून गरगर फिरवायची, घुमणारी वस्तू. त्यांनी खेळणं पाहिलं आणि आपण खाणं, ह्यावरून दोन्ही समाजांविषयी ज्याने त्याने आपापलं ठरवावं. पत्त्यातल्या लाल पानाला मात्र आपण शंकरपाळी न म्हणता चौकट म्हणतो, आणि शेजारच्या लाल पानाला बदाम, जे इंग्लिशवाल्यांना हृदय वाटतं. आपल्याला बदाम. प्रेमपत्रावरसुद्धा आमच्या शाळेत बदामच काढायचे पोरं.

पण सगळीकडे असंच वेगवेगळं असेल असं समजू नका. एक आकार असा आहे की जिथे सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. वर्तुळाचा एक तुकडा आणि त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ. आपण त्या वाकड्या तुकड्याला चाप म्हणालो, म्हणजे धनुष्य. सरळ रेघेला ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. आणि मधोमध रेघेपासून चापापर्यंत जी उंची तिला शर, म्हणजे बाण. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात अशा २४ ज्यांचे (नेमकं म्हणजे अर्ध्या ज्यांचे) आकडे आहेत. आता तिकडे जा. आर्क म्हणजे लॅटिनमध्ये धनुष्य. कॉर्ड म्हणजे तात, दोरी. आणि मधल्या उंचीला सॅजिटा, म्हणजे बाण. तिन्हीच्या तिन्ही! धनुष्य सगळ्यांकडे होतं ना, म्हणून. चंद्राचंही तसंच, आपली चंद्रकोर, महावीराचा बालेंदू आणि युरोपातल्या भूमितीतला लून, सगळे चंद्रच. जे आभाळात आहे किंवा जे सगळ्यांच्या खांद्यावर आहे त्याचं नाव सगळीकडे सारखं, आणि जे ज्याच्या त्याच्या अंगणात, ताटात आहे तिथे फाटे फुटतात. माझा तरी असा अंदाज आहे, आणि अजून तो मोडणारं उदाहरण मला कोणी दिलेलं नाही.

ताटातलं एक उदाहरण इतकं घट्ट बसलंय की कोणाच्या लक्षातच येत नाही. लेन्स. लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. अख्खा मसूर हातात घेऊन बघा, दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला धार, हुबेहूब भिंग. म्हणजे मोबाईलला तीन तीन कॅमेरे आहेत म्हणून मिरवणारा माणूस तीन मसूर घेऊन फिरतोय खिशात.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या शेजारचे एक काका होडी ओढताना ओल्या दगडावर घसरले आणि पडताना हात टेकला. मनगट दुखत होतं पण सूज फार नव्हती, पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, मग पुढे परत काढला तेव्हा बारीक फट दिसली. ह्या हाडाचं असं होतं म्हणे बऱ्याचदा, पहिल्या फोटोत फट दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले स्कॅफॉइड. मी घरी येऊन शोधलं तर स्कॅफे म्हणजे ग्रीकमध्ये होडी. काकांना सांगितलं, काका तुमची होडी फुटली मनगटातली, तर ते म्हणाले, "अगो, बाहेरची शाकारायला पैसे नाहीत नि आता ही आतली कोण शाकारणार!" मनगटात एकूण आठ हाडं आणि त्यांची नावं वाचाल तर सगळा बाजार आहे. एक होडी, एक चंद्र, एक वाटाणा, एक आकडा म्हणजे हूक, आणि एक ट्रॅपेझियम पण आहे, तेच छोटं टेबल. ज्यांनी पहिल्यांदा शरीर उघडून बघितलं त्यांच्याकडे ह्या तुकड्यांसाठी शब्दच नव्हते, मग घरातलीच भांडीकुंडी कामाला लावली. कानात शंखासारखी गोगलगाय आहे. गुडघ्याच्या हाडाला पॅटेला म्हणतात, म्हणजे छोटी थाळी, आणि आपण कोणाला न विचारता त्याला गुडघ्याची वाटी म्हणत आलोय. थाळी काय नि वाटी काय, मांडणीतलंच.

कधीकधी एकाच आकाराला दोन माणसं दोन नावं देतात आणि त्यातून त्यांचं सगळं कळतं. खंडाळ्याच्या घाटात तो जो सुळका पुढे आलेला आहे, खाली कोकण पसरलेलं, त्याला आपण नागफणी म्हणतो. इंग्रजांनी ड्यूक्स नोज म्हटलं, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक, म्हणजे तोच वेलस्ली जो १८०३ मध्ये इकडे मराठ्यांशी लढला. त्याचं नाक होतंच म्हणे तसं. आता दगड तोच, पण एकाला फणा दिसला आणि दुसऱ्याला साहेबाचं नाक. तसंच मुंबई गोवा हायवेवरून येताना पनवेल सोडलं की डावीउजवीकडे न बघता समोरच दिसतो तो कर्नाळा, वरचा सुळका, त्याला आपण अंगठा म्हणतो आणि इंग्रज फनेल हिल, नरसाळं. एसटीत झोपलेली माणसंही तिथे जागी होऊन "अंगठा आला" म्हणतात, नरसाळं आलं असं म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही. रत्नागिरीचा रत्नदुर्ग मात्र घोड्याच्या नालेसारखा आहे यावर दोघांचंही एकमत.

कोयरीचं तर काय सांगावं. साडीच्या काठावरची ती बाकदार आकृती, एका टोकाला वळलेली. आपल्याला ती आंबाच दिसते, पंजाबीतही अंबी. फारसीत तिला बोतेह म्हणजे झुडूप म्हणतात. आणि इंग्लिशमध्ये पेझ्ली, जे स्कॉटलंडमधलं एक गाव आहे, एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर काश्मिरी शालींची नक्कल विणायचे. म्हणजे झुडूप, आंबा आणि कापडाचा कारखाना. ज्यांनी बाजारासाठी विणलं त्यांना त्यात ना झाड दिसलं ना फळ, आणि मी हापूसच्या मुलखातली असल्यामुळे ह्या बाबतीत निःपक्षपाती अजिबात नाहीये. फक्त एक तांत्रिक मुद्दा, हापूसला ते वळलेलं टोक नसतं, कोयरी दिसायला रायवळच, म्हणजे कलम न केलेला गावठी आंबा.

आणि एवढी सगळी अस्मिता मिरवताना काजू विसरून चालणार नाही. आज कोकणात कुठलीही बाकदार गोष्ट काजूच्या आकाराची असते. स्विमिंग पूल काजूच्या आकाराचा, दवाखान्यातला किडनी ट्रे काजूच्या आकाराचा, आणि खुद्द किडनी पण. पण काजू इथला नव्हेच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, नावही तिकडचं. म्हणजे त्याआधी आमचे पूर्वज ह्या आकाराला काय म्हणत असतील ते म्हणत असतील, पण काजू नक्कीच नाही. पोर्तुगीजांनी त्याची परतफेड नारळावर केली, तीन डोळ्यांच्या करवंटीत त्यांच्या खलाशांना भुताचा, बागुलबुवाचा चेहरा दिसला, त्याला त्यांच्या भाषेत कोको म्हणतात, तोच पुढे कोकोनट. आपण ज्याला श्रीफळ म्हणून देवापुढे ठेवतो त्याला जगभर बागुलबुवा म्हणून ओळखतात ही गोष्ट मी आजीला कधीच सांगितली नाही.

सध्या मात्र आकारांची नावं वस्तूंवरून कमी आणि एबीसीडीवरून जास्त पडतायत. एल टाईप किचन, यू टर्न, व्ही गळा, टी पॉइंट. आमच्याकडे परसातली पाण्याची लाईन बदलायचं काम निघालं तेव्हा प्लंबर आईला म्हणाला, "काकू, दोन टी लागतील आणि चार एल्बो," तर आईने दोन कप चहा टाकला आणि वर विचारलं, बिस्किटं चार पुरतील का. एल्बो म्हणजे कोपर हे तिला माहीत होतं, पण टी म्हणजे आडव्या पाइपला उभा पाइप हे कसं माहीत असणार. इंग्लिश शाळेत कधी न गेलेल्या माणसालाही आता ही अक्षरं आकार म्हणून वापरायला लागतात, पूर्वी जव आणि मृदंग वापरायचे तशी.

आणि ती अक्षरं तरी कुठून आली. ए म्हणजे बैलाचं डोकं. खरंच, कॅपिटल ए उलटा करून बघा, दोन शिंगं वर. फिनिशियन लोकांच्या आलेफचा अर्थ बैल. बी म्हणजे घर. एम म्हणजे पाणी, ती वरखाली रेघ लाटांची. ओ म्हणजे डोळा. के म्हणजे तळहात. आणि यू, व्ही, डब्ल्यू, वाय, एफ ही सगळी एकाच वाव नावाच्या अक्षराची पोरं, आणि वाव म्हणजे हूक, खुंटी. भाची कागद उलटासुलटा करून दिवसभर हेच बघत बसली होती, गृहपाठ तसाच. दुसऱ्या दिवशी प्लंबरने तिला हार्डवेअरच्या दुकानात पाइप भिंतीला बसवायचे यू हूक आणायला पाठवलं, तर ही दुकानदाराला म्हणते, काका, यू म्हणजे हूकच, तुम्ही हूक हूक म्हणताय. दुकानदार म्हणाला, "बरं, मग अर्ध्या इंची हूक हूक देऊ की पाऊण इंची?"